ज्यू मुलं, नामांकित शाळा आणि लपवलेली आडनावं

शरयू_बॉस्टन

१९२२ च्या शरद ऋतूत हार्वर्डच्या प्रवेश अर्जात काही नवे प्रश्न आले. वंश आणि वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचं माहेरचं आडनाव काय, वडिलांचा जन्म कुठे झाला. आणि शेवटी हा: जन्मापासून तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? केला असल्यास सविस्तर लिहा.

सतरा-अठरा वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा अर्ज घेऊन बसलाय. वडील शेजारी उभे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनीच कोर्टात जाऊन आडनावाचं शेपूट कापलंय, ते याच दिवसासाठी. आता ते शेपूट काय होतं हे मुलाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. हे चित्र काही दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १९०५ पासून हार्वर्डने कॉलेज बोर्डाची सामायिक प्रवेश परीक्षा ग्राह्य धरली. त्याआधी तिथे जाणारी मुलं मुख्यतः ठरावीक खाजगी निवासी शाळांतली असत. परीक्षेमुळे बॉस्टनच्या सरकारी शाळांतली, पूर्व युरोपातून आलेल्या शिंप्या-फेरीवाल्यांची मुलं गुणांच्या जोरावर आत येऊ लागली. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी ७ टक्क्यांच्या आसपास होते, १९२२ पर्यंत २१ टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष होते ए. लॉरेन्स लोवेल. त्यांनी उघड प्रस्ताव मांडला की १५ टक्क्यांची मर्यादा घालावी. कारण काय दिलं, तर ज्यूंची संख्या वाढली की विद्यार्थ्यांत ज्यूद्वेष वाढतो, म्हणून संख्या कमी ठेवणं ज्यूंच्याच हिताचं. द्वेष करणाऱ्याला काही बोलायचं नाही, ज्याचा द्वेष होतो त्याला दारात अडवायचं! आणि हे बोलणारा माणूस अडाणी नव्हता, त्या काळातला मान्यवर राज्यशास्त्रज्ञ होता.

उघड कोटा प्राध्यापकांच्या समितीने १९२३ मध्ये फेटाळला. मग आडवाट काढली. १९२६ पासून पहिल्या वर्षाची संख्या हजारावर बांधली आणि निवडीत 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांना वजन दिलं. फोटो, शिफारसपत्रं, मुलाखत. गुण मोजता येतात, चारित्र्य कसं मोजणार? ते मोजणाऱ्याच्या मर्जीवर. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण पुढच्या वर्षांत पुन्हा खाली आलं. दरम्यान कार्यालयात विद्यार्थ्यांची वर्गवारीही झाली होती. 'जे१' म्हणजे नक्की ज्यू, 'जे२' म्हणजे बहुतेक ज्यू, 'जे३' म्हणजे ज्यू असू शकेल. आडनाव, फोटो, वडिलांचं जन्मगाव जुळवून कारकून ही अक्षरं लिहीत होते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची गोष्ट आणखी झपाट्याची. तिथे ज्यू विद्यार्थी साधारण ४० टक्के होते, ते दोन-तीन वर्षांत २२ टक्क्यांवर आणले. १९२८ मध्ये ब्रुकलिनमध्ये सेथ लो ज्युनियर कॉलेज नावाची वेगळी शाखा उघडली. मुख्य कॉलेजात नको असलेल्या मुलांना तिथे पाठवायचं. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह १९३५ मध्ये तिथेच गेले.

हे झालं कागदावरचं. आत गेल्यावर काय होत असे, ते मला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडून कळलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ते न्यू इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत शिष्यवृत्तीवर होते. शाळेचं नाव त्यांनी सांगितलं, मी इथे लिहिणार नाही. वडिलांनी आडनाव आधीच बदललं होतं, त्यामुळे कुणी थेट विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. रोज सकाळी चॅपल सक्तीचं. आवाज चांगला, म्हणून गायनवृंदात घेतलं. ख्रिसमसची गाणी त्यांना आजही सगळी पाठ आहेत.

आजोबांनी मात्र आडनाव बदललं नव्हतं. ते नातवाला पत्र पाठवत आणि पाकिटाच्या कोपऱ्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहीत. शाळेत टपाल एका लांब टेबलावर मांडून ठेवायचे, मुलं येता-जाता आपापलं उचलायची. हे सकाळच्या प्रार्थनेनंतर धावत जाऊन सगळ्यांच्या आधी टेबल गाठत. पाकीट उलटं करून वहीत घालत. शेवटी त्यांनी आजोबांना लिहिलं की पाठवणाऱ्याचं नाव लिहू नका, इथे तशी पद्धत नाही. त्यानंतर आजोबांची पत्रं थांबली.

योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, त्याचा उपास त्यांना धरायचा होता. जेवणघरात हजेरी सक्तीची होती, म्हणून पोट दुखतंय सांगून ते दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सबाई मायाळू. शेजारी बसून त्यांनी चहा पाजला, टोस्ट खायला लावला. नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यांनी खाल्लं.

खोलीतला जोडीदार चांगला मुलगा होता, त्यांचा मित्रच होता. जुनी सायकल विकत घेताना कुणी घासाघीस केली की 'ज्यूपणा करू नकोस' म्हणायचा. सगळे हसायचे, हेही हसायचे. मला ते म्हणाले, "त्यांनी जे म्हटलं ते मी विसरलो असतो. मी हसलो ते विसरता येत नाही."

मला एवढंच म्हणायचंय. लपवणाऱ्या मुलाला पुढे खोटारडा ठरवणं फार सोपं असतं. 'आमच्यापासून का लपवलंस? आम्ही का वाईट वागलो असतो?' पण ते खोटं त्या मुलाने जन्माला घातलेलं नाही. ज्यांनी तो प्रश्न छापला, ज्यांनी त्या अक्षरांची फाईल ठेवली, त्यांनी घातलं. आणि लपवणं यशस्वी झालं तरी सुटका होत नाही. आपल्या माणसांबद्दल लोक पाठीमागे काय बोलतात ते लपलेल्या मुलाला समोर बसून ऐकावं लागतं.

तुमचे अनुभव, वाचन, मतभेद सगळं लिहा.

---

जुई_पुणे

शरयूताई, पत्रांचा भाग वाचून थांबले. आजोबांना काय वाटलं असेल?

एक शंका. ही नावं न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, उतरतानाच अधिकारी बदलून टाकत होते ना? असं बऱ्याच ठिकाणी ऐकलंय.

---

शरयू_बॉस्टन

जुई, ती दंतकथा आहे, आणि ती खूप घरांत सांगितली जाते. एलिस आयलंडवरचे अधिकारी नावं लिहून घेत नसत. जहाज कंपनीने निघतानाच तयार केलेल्या याद्यांवरून ते तपासणी करत. नावं नंतर बदलली, लोकांनी स्वतः अर्ज करून. न्यूयॉर्कच्या कोर्टांत विसाव्या शतकाच्या मध्यात नाव बदलण्यासाठी जे अर्ज आले त्यांत ज्यूंचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच मोठं होतं. पुष्कळदा कुटुंबच्या कुटुंब एका अर्जात. नोकरी मिळत नाही, मुलांना कॉलेजात प्रवेश मिळत नाही, हीच त्यामागची कारणं.

मला वाटतं, म्हणूनच ती दंतकथा टिकली. 'साहेबाला उच्चार जमला नाही' हे नातवंडांना सांगणं सोपं. 'तुझ्यासाठी मी माझ्या बापाचं नाव टाकलं' हे सांगणं कठीण.

---

प्रा_भौतिकी

उत्तम धागा. भौतिकशास्त्रातलं एक उदाहरण देतो. रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने ज्यूंच्या कोट्यामुळे घेतलं नाही, म्हणून ते १९३५ मध्ये एमआयटीत गेले. पुढे १९३९ मध्ये प्रिन्स्टनला पीएचडीसाठी अर्ज केला, तेव्हा तिथल्या विभागप्रमुखांनी एमआयटीला पत्र लिहून विचारलं की हा मुलगा ज्यू आहे का. आमचा काही पक्का नियम नाही, पण विभागात त्यांचं प्रमाण कमी ठेवावं लागतं, कारण पुढे त्यांना नोकऱ्या मिळवून देणं अवघड जातं, असा त्या पत्राचा आशय. एमआयटीच्या लोकांनी त्यांच्या बुद्धीची ग्वाही दिली आणि हा नेहमीच्या ज्यूंसारखा वाटत नाही अशी हमीही दिली!

पत्र लिहिणारे दुष्ट नव्हते हे मला जास्त त्रास देतं. 'पुढे नोकरी मिळत नाही' हे खरंच होतं. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवून आपलं दार लावून घेत होता.

येल मेडिकलचे डीन मिल्टन विंटरनिट्झ तर स्वतः ज्यू होते. पाचपेक्षा जास्त ज्यू घेऊ नका, दोनच इटालियन कॅथलिक घ्या, कृष्णवर्णीय अजिबात नकोत, अशी सूचना त्यांच्या नावावर आहे. आत पोचलेला माणूस दार किती घट्ट लावतो याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

---

कोकणकडा

लेख चांगला आहे. पण या निमित्ताने हेही नमूद करावंसं वाटतं की जगात ज्यूंचा छळ झाला नाही असा देश म्हणजे भारत. आपल्या कोकणात बेने इस्रायली हे ज्यू शेकडो वर्षं राहिले, तेल गाळलं, शेती केली, मराठी बोलले. त्यांना कधी काही लपवावं लागलं नाही. याचा अभिमान वाटतो.

---

शनिवारतेली

कोकणकडा, तुमच्या भावनेबद्दल आभार, मनापासून. मी बेने इस्रायली आहे, आडनावाच्या शेवटी 'कर' आहे आणि गाव अलिबागजवळचं. आमच्या घरी मालिदा (गोड पोह्यांचा धार्मिक प्रसाद) होतो, आजी मराठीत कीर्तनं म्हणायची. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. मोठं संकट आमच्यावर इथे कधी आलं नाही, हे शंभर टक्के खरं.

पण 'कधी काही नाही' हे पूर्ण खरं नाही. कवी निसिम इझिकेल आमच्याच समाजातले. त्यांनी आपल्या कवितेत लिहून ठेवलंय की मुंबईतल्या कॅथलिक शाळेत त्यांना 'तू ख्रिस्ताला मारलंस' हे ऐकावं लागलं. भायखळ्यातली गोष्ट, दूरदेशीची नाही. मिशनरी शाळा तेव्हाच्या चांगल्या शाळा आणि तिथे पोरं धड्यात जे शिकली ते मैदानात बोलली. ही टोचणी आमच्या पूर्वजांना आधीपासून कळत असणार. हाईम सॅम्युएल किहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आपल्या सणाला सुट्टी मिळेल आणि हिब्रू शिकता येईल अशी एक तरी जागा हवी होती. आज तिथे ज्यू मुलं जवळपास नाहीत, बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली.

माझ्या शाळेत द्वेष नव्हता, अज्ञान होतं. हजेरीत माझं नाव आलं की नवे सर मान वर करून विचारायचे, 'ख्रिश्चन का?' नाही म्हटलं की 'मग मुसलमान?' काही वर्षांनी मी 'हो, ख्रिश्चन' म्हणून मोकळा होऊ लागलो. समजावून सांगायचा कंटाळा येतो. शरयूताईंनी लिहिलेल्या गृहस्थांच्या मानाने हे काहीच नाही, पण जिभेवरची ती सवय मला ओळखीची वाटली.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर मात्र अज्ञानाची जागा भीतीने घेतली. सिनेगॉगबाहेर (आमच्या प्रार्थनास्थळाबाहेर) पोलीस उभे राहिले. माझ्या आईने दाराच्या चौकटीवरचा मेझुझा (धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेली छोटी डबी) काढून आतल्या बाजूला लावला. आजही तो आतच आहे.

आणि इस्रायलला गेलेल्यांचीही गंमत झाली नाही. तिथल्या धर्मगुरूंनी आमच्या लोकांच्या लग्नांना हरकत घेतली, तुम्ही खरे ज्यू कशावरून म्हणून. त्यासाठी आंदोलन करावं लागलं. १९६४ मध्ये तो प्रश्न सुटला.

---

कोकणकडा

हे माहीत नव्हतं. इतकं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. पुढच्या वेळी रेवदंड्याला गेलो की सिनेगॉग बघून येईन.

---

वाचक_नागपूर

शरयूताई, कोलंबियाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. त्यांचे एक प्रमुख शिक्षक प्रा. एडविन सेलिग्मन. हे सेलिग्मन ज्यू, आणि ज्या जोसेफ सेलिग्मन नावाच्या बँकरला १८७७ मध्ये साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलात ज्यू म्हणून खोली नाकारली, त्यांचे हे चिरंजीव. यादवी युद्धात ज्याने सरकारसाठी पैसा उभा केला त्या माणसाला हॉटेलच्या दारातून परत पाठवलं. अमेरिकेतल्या ज्यूद्वेषाच्या इतिहासात ही घटना पहिल्या काहींत सांगितली जाते.

आता पुढचं बघा. सेलिग्मनांचा हा विद्यार्थी १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आला. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत फक्त पारशांना जागा, म्हणून वहीत पारशी नाव लिहून राहिले. अंधारी, रिकामी वास्तू, सोबतीला कुणी नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले, तू कोण आहेस असं विचारून ताबडतोब बाहेर हो म्हणाले. बाबासाहेबांनी आठवणींत हे लिहून ठेवलंय. परदेशात शिकून आलेला माणूस गाडीची वेळ होईपर्यंत कमाठी बागेत बसून राहिला.

जात आणि ज्यूद्वेष एकच असं मी म्हणत नाही. पण खोट्या नावाने राहायची वेळ ज्याच्यावर आली तो खोटारडा नव्हता, हे तुमचं म्हणणं आम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आजही आमची मुलं मोठ्या इंजिनिअरिंग संस्थांत जातात तेव्हा पहिल्या दिवशी 'रँक किती?' विचारतात ते कशासाठी, हे मुलांना बरोबर कळतं. आडनाव सांगायचं टाळणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांना कुणी भित्री म्हणू नये.

---

शरयू_बॉस्टन

सेलिग्मन पिता-पुत्रांचं नातं मला माहीत नव्हतं. फार मोलाची भर घातलीत.

---

मंदार_एडिसन

चारित्र्य आणि व्यक्तिमत्त्वाचा मुद्दा आजचा आहे. हार्वर्डवरच्या खटल्यात बाहेर आलं की आशियाई मुलांना गुणांत आणि इतर उपक्रमांत चांगले शेरे, पण 'पर्सनल रेटिंग'मध्ये, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत, सरासरी कमी. माझ्या मुलीच्या वेळी सल्लागार बाईंनी स्पष्ट सांगितलं की भरतनाट्यम, स्पेलिंग बी, मेडिकलची आवड असं काही लिहू नका, जास्त भारतीय वाटतं. मुलीने दहा वर्षं नाच केला होता. एक ओळ लिहिली नाही. म्हणजे शंभर वर्षांनी तोच अर्ज.

---

शरयू_बॉस्टन

मंदार, मुलीला जे टाळावं लागलं त्याचं वाईट वाटलं. नातं आहेच, निबंध-मुलाखत-शिफारस ही सगळी रचना १९२० च्या दशकात उभी राहिली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं मापही त्याच काळात रुजलं.

पण 'तोच अर्ज' म्हणायला मी तयार नाही. लोवेलना कुणाला बाहेर ठेवायचंय ते त्यांनी स्वतःच्या पत्रांत लिहिलंय. आजच्या खटल्यात खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धतच रद्द केली. त्या पद्धतीचा फायदा ज्यांना होत होता त्यांत पूर्वी लोवेलनी वसतिगृहाबाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीयांची नातवंडंही होती. आपलं दुखणं सांगताना हे विसरून चालणार नाही.

स्टॅनफर्डने निदान कबूल केलं. १९५० च्या दशकात ज्या दोन शाळांत ज्यू मुलं जास्त, त्यांतून येणारे विद्यार्थी अचानक आटले. १९४९ ते ५२ मध्ये बेव्हर्ली हिल्स हायस्कूलमधून ६७ आले होते, पुढच्या तीन वर्षांत १३. फेअरफॅक्स हायस्कूलमधून आधी २०, नंतर एकच. विद्यापीठ वर्षानुवर्षं नाही म्हणत होतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्षांनी माफी मागितली.

---

सडेतोड

सगळं ठीक, पण गाझामध्ये जे चाललंय ते बघता आज ज्यूंच्या दुःखावर धागा काढणं मला पटत नाही.

---

शरयू_बॉस्टन

गाझातल्या मुलांबद्दल मलाही झोप लागत नाही असे दिवस गेले आहेत. त्यावर धागा काढा, मी तिथे लिहीन. पण बारा वर्षांच्या मुलाने गळ्यातली ज्यूंच्या चिन्हाची, ताऱ्याची साखळी शर्टाच्या आत टाकायची ती कुठल्या सरकारच्या कृत्यासाठी? एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डने एकाच दिवशी दोन अहवाल काढले, एक ज्यूद्वेष आणि इस्रायलींविरुद्धच्या पूर्वग्रहांवर, दुसरा मुस्लिम, अरब आणि पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांविरुद्धच्या पूर्वग्रहांवर. दोन्हींत मुलं सांगतायत की आम्ही कोण आहोत हे बोलायची भीती वाटते. मी दोन्ही मुलांच्या बाजूने आहे आणि त्यासाठी मला कुणा एकाला सोडावं लागत नाही.

---

अनुजा_सिॲटल

सल्ला हवाय, म्हणून लिहितेय. माझा मुलगा सातवीत आहे, खाजगी शाळेत. त्याच्या जवळच्या मित्राने आमच्याकडे राहायला आलेला असताना त्याला सांगितलं की मी ज्यू आहे, पण वर्गात कुणाला बोलू नकोस. त्याआधी ग्रुप चॅटवर गॅस चेंबरचे 'विनोद' फिरले होते. माझ्या मुलाने ते वाचले आणि काही बोलला नाही. आता त्याला कळेना काय करावं. मित्राच्या आईला सांगू का? मला तर फोन उचलून शाळेत सांगावंसं वाटतंय.

---

शनिवारतेली

अनुजाताई, मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय कुणालाच सांगू नका, त्याच्या आईलाही नाही. कुणाला सांगायचं हे ठरवायचा हक्क त्याचा. तुमच्या मुलाला मात्र चॅटवर उत्तर देण्यासाठी कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. 'हे विनोद मला आवडत नाहीत' एवढं एक वाक्य पुरे. ते मित्राला वाचवायला म्हणून नको, स्वतःचं मत म्हणून यायला हवं. मला शाळेत असं कुणी बोललं असतं तर मी कोण हे सांगितलं असतं की नाही माहीत नाही, पण पुढच्या बाकावर बसलो असतो.

---

प्रा_भौतिकी

शनिवारतेलींशी सहमत. शाळेत बोलायचं असेल तर चॅटबद्दल बोला, मुलाबद्दल नाही. एक मूल पुढे आलं नाही तर शाळा काहीच करत नाही, हा जुना आजार आहे. 'तक्रारदार कोण?' असं विचारलं तर तुम्ही स्वतः तक्रारदार व्हा.

---

अनुजा_सिॲटल

दोघांचेही आभार. काल रात्री मुलाशी बोलले. त्याने चॅटवर लिहिलं, तिघांनी अंगठा दिला, एकाने त्याला ग्रुपमधून काढलं. आज दुसऱ्या एकाने परत घेतलं.

बुधवारी मुख्याध्यापकांची वेळ मिळाली आहे. तक्रार माझ्या नावाने, चॅटचे फोटो जोडून, कुठल्याही मुलाचं नाव न घेता. अशा 'विनोदां'बद्दल शाळेचं धोरण काय, ते मला लेखी हवंय. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.